होतकरू आइस हॉकीपटू नुसत्या गुणांवर तोलू नयेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर अधूनमधून दिसू लागल्या आहेत. भारतीय वंशाचा मुलगा चमकला की त्या हमखास येतात, आणि परदेशातल्या मराठी घरांत त्या आवडीने वाचल्या जातात. मात्र या बातम्यांचा साचा ठरून गेला आहे. ज्युनियर लीगमध्ये अमक्याने इतके गुण मिळवले, तेव्हा तो लवकरच एनएचएल या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये दिसणार. गुण म्हणजे केलेले गोल आणि गोलाआधीचे पास यांची बेरीज. ही बेरीज खरी असते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. त्यामुळे वाचकाची दिशाभूल होते आणि विशी न ओलांडलेल्या मुलावर नसत्या अपेक्षांचे ओझे पडते. म्हणून हे पत्र. उदाहरणे व्हँकुव्हर कॅनक्स या एकाच संघाची प्रामुख्याने घेतली आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले भारतीय वंशाचे खेळाडू या संघाच्या वाटेवर दिसतात, आणि होतकरूंची पारख कशी साधते नि कशी फसते, हे दोन्ही या संघात पाहायला मिळते.

आधी रचना सांगतो. एनएचएलचे ३२ संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत मुले निवडतात. १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण होणारा मुलगा त्या वर्षी पात्र ठरतो. निवड झाली म्हणजे तो संघात आला असे नाही, फक्त त्याचे हक्क संघाकडे येतात. पुढची तीन-चार वर्षे तो कुठेतरी घडत असतो. कॅनडातल्या तीन ज्युनियर लीग (पश्चिमेची डब्ल्यूएचएल, ओंटारिओची ओएचएल आणि क्वेबेकची तिसरी), अमेरिकेतली कॉलेजे, स्वीडन-फिनलंडमधले क्लब, आणि वय झाल्यावर एएचएल ही दुय्यम व्यावसायिक लीग. एएचएलमध्येही ३२ संघ असून प्रत्येक जण एकेका एनएचएल संघाशी जोडलेला आहे. व्हँकुव्हरचा एएचएल संघ २०२१पासून अ‍ॅबट्सफर्डला आहे, गाडीने तासाभराच्या अंतरावर. त्याआधी तो न्यूयॉर्क राज्यात युटिकाला होता. बोलावलेला खेळाडू तेव्हा खंड ओलांडून यायचा, आता त्याच दिवशी पोहोचतो. प्रशिक्षकही स्वतः जाऊन सामना बघू शकतात.

आता गुणांकडे वळू. सरे या गावचा अर्शदीप बैंस ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नव्हता. २०२१-२२च्या मोसमात रेड डिअर रेबेल्सकडून ६८ सामन्यांत ४३ गोल आणि ६९ पास, एकूण ११२ गुण मिळवून तो डब्ल्यूएचएलमध्ये पहिला आला, आणि व्हँकुव्हरने त्याला करारबद्ध केले. तीन वर्षांनी, २०२४-२५मध्ये, त्याच लीगमध्ये सिॲटल थंडरबर्ड्सच्या ब्रेडन कूट्सने ६० सामन्यांत ६३ गुण मिळवले. व्हँकुव्हरने त्याला २०२५च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत, पंधराव्या क्रमांकावर उचलले. गुणांचा तक्ता समोर ठेवला तर बैंस जवळजवळ दुप्पट भारी दिसतो. पण जन्मतारखा बघा. कूट्सचा जन्म फेब्रुवारी २००७चा, म्हणजे मोसम सुरू झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. बैंसचा जानेवारी २००१चा. तो मोसम त्याने विशीत सुरू केला आणि मध्येच एकविसावे गाठले. ज्युनियर लीगमध्ये या वयाचे जास्तीत जास्त तीनच खेळाडू एका संघाला ठेवता येतात. समोर १६-१७ वर्षांचे बचावपटू असताना एकविशीतला तरुण ताकदीने आणि अनुभवाने पुढे असणारच.

वेगवेगळ्या लीगचे गुण एका मापात आणण्यासाठी विश्लेषक प्रत्येक लीगला एक गुणांक देतात. जुन्या, सर्वत्र वापरल्या गेलेल्या हिशेबात एएचएलचा गुणांक साधारण ०.४४ आहे, डब्ल्यूएचएल आणि ओएचएलचा ०.३०, क्वेबेकच्या लीगचा ०.२८ आणि अमेरिकन कॉलेजांचा ०.४१. कृती सोपी आहे. दर सामन्याचे गुण काढायचे, गुणांकाने गुणायचे आणि मग ८२ने, की एनएचएलच्या ८२ सामन्यांच्या मोसमात किती गुण मिळतील याचा अंदाज येतो. कूट्सचे ६३ भागिले ६० म्हणजे १.०५. त्याला ०.३०ने आणि ८२ने गुणले की सुमारे २६ येतात. बैंसचे ज्युनियर लीगमधले आकडे याच रीतीने ४०वर जातात. पण पुढच्याच वर्षी तो अ‍ॅबट्सफर्डला ६६ सामन्यांत ३८ गुणांवर आला. हा हिशेब फक्त २१ देतो. दुसऱ्या वर्षी ५९ सामन्यांत ५५ गुण, म्हणजे ३४. चाळीस, एकवीस, चौतीस. पहिला आकडा फुगलेला होता, कारण गुणांकात वयाची दखलच नव्हती. दुसरा आकडा व्यावसायिक खेळात पाय रोवण्याचा. बैंसबद्दल काही खरे सांगत असेल तर तो तिसरा: प्रौढ खेळाडूंपुढे त्याने वर्षभरात केलेली वाढ. ११२ गुणांच्या मथळ्यापेक्षा या वाढीत त्याची मेहनत जास्त दिसते, आणि तिचे कौतुक व्हायला हवे.

मुंबईच्या वाचकाला हे पटायला वेळ लागू नये. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात काढलेल्या चाळीस धावा आणि पाटा खेळपट्टीवरचे शतक आपण एका तागडीत घालत नाही.

गुणांकांबाबत एक सावधगिरी हवी. ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलाला पूर्वी अमेरिकन कॉलेज हॉकीचे दार बंद होते. नोव्हेंबर २०२४मध्ये हा नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५पासून ते दार उघडले. डब्ल्यूएचएलमधल्या मेडिसिन हॅट टायगर्सचा गॅव्हिन मॅकेना लगेच पेन स्टेट विद्यापीठात गेला. एकोणीस-वीस वर्षांची तयार मुले कॉलेजकडे वळू लागली की ज्युनियर लीगचे सरासरी वय आणि दर्जा हलतो, कॉलेजचाही हलतो. जुने गुणांक जुन्या लीगवरून बेतलेले आहेत. यापुढे ते वापरताना त्याच मोसमातल्या, त्याच वयाच्या मुलांशी तुलना करणे जास्त भरवशाचे. वय मोजतानाही नुसते वर्ष धरून भागत नाही. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. मुदत दोन दिवसांनी हुकली म्हणून तो २०१५ऐवजी २०१६च्या ड्राफ्टमध्ये आला. एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते, आणि अठराव्या वर्षी हे अंतर खांद्यांत आणि मांड्यांत दिसते.

वय आणि लीग झाल्यावर गुण फोडून बघावे लागतात. पाच विरुद्ध पाच असताना मिळालेले किती आणि पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्धी शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असताना मिळालेले किती? पास गोलाआधीचा शेवटचा होता की त्याच्या आधीचा? समजा कोणाचे ६० गुण आहेत. त्यांतले २६ पॉवर प्लेचे आणि उरलेल्या ३४मधले १२ दुय्यम पासांचे निघाले, तर स्वतःच्या हिमतीवर पाच विरुद्ध पाच मिळवलेले २२च राहिले. एनएचएलमध्ये पहिली दोन वर्षे अशा मुलाला पॉवर प्लेवर सहसा कोणी उभे करत नाही, त्यामुळे हे २२च त्याच्याबरोबर वरती येतात. गोलांचे फटक्यांशी प्रमाणही तपासावे. एखाद्या आघाडीपटूच्या शंभर फटक्यांत वीस-बावीस गोल झाले असतील तर पुढच्या मोसमात ते उतरण्याचीच शक्यता जास्त. सामन्यामागे गोलवर किती फटके मारतो हा आकडा त्यापेक्षा स्थिर असतो. ज्युनियर लीगमध्ये तो तीनच्या वर असेल तर मुलगा स्वतः संधी निर्माण करतो आहे असे धरता येते.

आणि तो कोणाच्या शेजारी खेळतो? ओएचएलमधला, ओंटारिओतल्या लंडन शहराचा, २०१५-१६चा लंडन नाइट्सचा संघ आठवावा. मॅथ्यू काचकने त्या मोसमात ५७ सामन्यांत १०७ गुण मिळवले, पण त्याच्या ओळीत, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या तीन आघाडीपटूंत, मिच मार्नर आणि क्रिस्टियन ड्वोराक होते. गुण त्याचे की मार्नरचे, अशी शंका तेव्हा रास्त होती. त्याच संघात ओली युओलेव्ही हा फिनलंडचा बचावपटू होता. त्या हिवाळ्यात फिनलंडने २० वर्षांखालील विश्वस्पर्धा जिंकली आणि युओलेव्हीने सात सामन्यांत नऊ पास दिले. २०१६च्या ड्राफ्टमध्ये व्हँकुव्हरने पाचव्या क्रमांकावर युओलेव्हीला घेतले. सहाव्या क्रमांकावर कॅल्गरीने काचकला घेतले.

पुढे काय झाले ते पाहा. काचक त्याच वर्षी एनएचएलमध्ये खेळू लागला, आणि नंतर फ्लोरिडाकडून त्याने २०२४ व २०२५चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला. युओलेव्ही व्हँकुव्हरकडून जेमतेम २३ सामने खेळला. पाठीच्या आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनी त्याचा घात केला. दुखापत आधी दिसत नाही, म्हणून तिचा दोष निवडणाऱ्यांवर टाकता येत नाही. पण तीन गोष्टी त्या वेळीही दिसत होत्या. पहिली, सात सामन्यांच्या स्पर्धेला अवाजवी वजन दिले गेले. त्या स्पर्धेतला पॉवर प्ले उत्तम असला की मागे उभ्या बचावपटूच्या नावावर पास आपोआप जमा होतात. दुसरी, संघाला बचावपटू हवा होता म्हणून बचावपटू घेतला. अठरा वर्षांचा बचावपटू तयार होईतो चार-पाच वर्षे जातात, तोवर संघाची गरजच बदललेली असते. ड्राफ्टमध्ये गरज बघायची ती सातव्या फेरीत, पाचव्या क्रमांकावर जो सर्वोत्तम तोच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिसरी गोष्ट निवडीनंतरच्या वर्षात दिसली. युओलेव्ही पुन्हा लंडनला गेला. आधीच्या मोसमात ५७ सामन्यांत ४२ गुण होते, या मोसमात ५८ सामन्यांत पुन्हा ४२च. सतरा ते एकोणीस या वयात आकडा जागेवर थांबणे हा गंभीर इशारा असतो. त्या वयात बाकीची मुले वाढत असतात, त्यामुळे थांबलेला मुलगा खरे तर मागे पडलेला असतो.

अर्थात घसरलेल्या प्रत्येक वर्षाचा अर्थ असा होत नाही. योनाथान लेक्केरिमाकीला व्हँकुव्हरने २०२२मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडले. पुढचे वर्ष स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीत फारच वाईट गेले, आणि त्याला बाद ठरवणाऱ्यांची रांग लागली. तो मोसम मोनोन्यूक्लिओसिस या विषाणूजन्य आजाराने आणि दुखापतींनी खाल्ला होता. या आजारातून उठलेल्याची दमछाक महिनोन्‌महिने जात नाही, आणि ज्याचा सगळा खेळ फटक्याच्या झपाट्यावर उभा आहे त्याला ती जास्त नडते. २०२४च्या २० वर्षांखालील विश्वस्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. घसरण दिसली की आधी वैद्यकीय कारण, मग बदललेला संघ किंवा प्रशिक्षक, आणि सर्वांत शेवटी कुवत, या क्रमाने तपासावे.

आकड्यांनंतर डोळ्यांनी बघणे आलेच. एएचएलमध्ये कोण किती मिनिटे बर्फावर होता हे रोजच्या गुणतक्त्यात सापडत नाही. ज्याला ते हवे त्याने सामन्याचे चित्रण घेऊन खेळाडूच्या बर्फावर उतरण्याच्या पाळ्या मोजाव्यात. एक पाळी साधारण ४५ सेकंदांची. पहिल्या सत्रात एखादा सहा वेळा आला आणि तिसऱ्या सत्रात, संघ एका गोलने पुढे असताना, दोनदाच आला, तर प्रशिक्षकाचा त्याच्यावर भरवसा अजून बसलेला नाही. हे कुठल्याच बेरजेत येत नाही. बघताना नजर पकवर (खेळातल्या रबरी चकतीवर) न ठेवता त्या एका खेळाडूवर ठेवावी. बचावपटूचे काम पारखायचे तर प्रतिस्पर्ध्याने मागे टाकलेला पक उचलायला तो वळतो तो क्षण पकडायचा. वळण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिले का? पक हाती आल्यावर स्वच्छ पास दिला, की रिंकच्या कडेच्या फळीवरून भिरकावून मोकळा झाला? तीन-चार सामन्यांत असे पंचवीस-तीस प्रसंग सहज मिळतात, आणि त्यांत निम्म्याहून कमी स्वच्छ पास असतील तर वरच्या पातळीवर तो रोज अडचणीत येईल. युरोपातल्या मुलांबाबत इथेच फसगत होते. तिथल्या रिंक पारंपरिकपणे सुमारे ३० मीटर रुंद, एनएचएलची २६ला थोडी कमी. चार मीटर कमी म्हणजे समोरचा खेळाडू अर्ध्या श्वासात अंगावर येतो. मोठ्या बर्फावर शांत, विचारी वाटणारा बचावपटू इथे सुरुवातीला गोंधळतो आणि त्याला सवयीला एक मोसम द्यावाच लागतो.

एएचएलचे वेळापत्रकही ध्यानात ठेवावे. शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन सामने तिथे येतात. रविवारच्या सामन्यावरून कोणाच्या पायांची पारख करू नये. फार तर त्याच्या तंदुरुस्तीची करावी. स्केटिंगविषयी इतकेच सांगतो की ते सुधारते. ब्रेडन पॉइंट २०१४मध्ये ७९व्या क्रमांकापर्यंत मागे राहिला, कारण उंची बेताची आणि पहिली तीन पावले मंद. टॅम्पा बेने त्याला बार्बरा अंडरहिल या माजी विश्वविजेत्या फिगर स्केटरच्या हाताखाली दिले. आज तो त्या संघाच्या दोन स्टॅनली कपांचा आधारस्तंभ म्हणून ओळखला जातो. गर्दीत पक कुठे जाणार हे आधी ओळखण्याची अक्कल मात्र अठराव्या वर्षानंतर फारशी शिकवता येत नाही. निवड करताना झुकते माप तिला द्यावे.

गोलरक्षकांचा हिशेब वेगळाच. आर्टर्स शिलोव्स हा लाटव्हियाचा गोलरक्षक २०१९मध्ये १५६व्या क्रमांकावर निवडलेला. २०२४-२५च्या मोसमात व्हँकुव्हरकडून १० सामन्यांत त्याने शंभरातले ८६ फटके अडवले. त्याच मोसमाच्या शेवटी अ‍ॅबट्सफर्डकडून बाद फेरीच्या २४ सामन्यांत ९३ अडवले, संघाने काल्डर कप, म्हणजे एएचएलचे विजेतेपद, जिंकला आणि तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. खरा शिलोव्स कोणता? सामन्यामागे २५ फटके धरले तर दहा सामन्यांत २५० होतात. तेवढ्यात पाच गोल इकडचे तिकडे नुसत्या योगायोगानेही होतात, म्हणजे टक्केवारी दोनने हलते. त्याची व्हँकुव्हरमधली घसरण याहून मोठी होती हे मान्य, पण दहा सामन्यांवर निकाल देता येत नाही. गोलरक्षकाबद्दल निदान हजारभर फटक्यांशिवाय मत बनवू नये, आणि तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाआधी तर नाहीच. कॉनर हेलेबाइक २०१२मध्ये पाचव्या फेरीत १३०वा होता. त्याची मोठी वर्षे विशीच्या उत्तरार्धात आणि तिशीत आली.

त्या काल्डर कपबद्दल इथे आवर्जून लिहितो, कारण मॅनी मल्होत्रा या भारतीय वंशाच्या प्रशिक्षकाने अ‍ॅबट्सफर्डमधल्या आपल्या पहिल्याच मोसमात तो जिंकून दिला. १९९८मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेलेला मल्होत्रा स्वतः अठराव्या वर्षी थेट न्यूयॉर्क रेंजर्समध्ये ७३ सामने खेळला होता. मुलाला फार लवकर वर आणले की काय होते, हे त्याला कोणी सांगायला नको. विजय मोठाच होता. तरीही ‘आता व्हँकुव्हरकडे होतकरूंची खाण आहे’ हा त्यावरून काढलेला अर्थ आम्हाला मान्य नाही. त्या संघाचे मुख्य खेळाडू लिनस कार्लसन २५ वर्षांचा, बैंस आणि शिलोव्स २४चे. हे जवळजवळ घडून झालेले व्यावसायिक आहेत. भविष्याच्या दृष्टीने त्या विजयाच्या वाटचालीत जास्त मोलाचा होता किरिल कुद्र्यावत्सेव्ह. सातव्या फेरीत २०८व्या क्रमांकावर घेतलेला हा बचावपटू एकविसाव्या वर्षी, एएचएलच्या पहिल्याच मोसमात, त्या संघात खेळत होता.

शेवटी कराराची बाजू. तिच्याशिवाय ‘हा मुलगा वर का नाही’ याचे उत्तर मिळत नाही. कूट्सने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये व्हँकुव्हरकडून मोजके सामने खेळले आणि तो ज्युनियर लीगला परत गेला. तो नापास झाला नव्हता. १८ किंवा १९ वर्षांच्या मुलाने मोसमात दहापेक्षा कमी एनएचएल सामने खेळले तर त्याचा तीन वर्षांचा पहिला करार एक वर्ष पुढे सरकतो आणि संघाचे स्वस्तातले वर्ष वाचते. त्याला अ‍ॅबट्सफर्डला ठेवणेही शक्य नव्हते, कारण ज्युनियर लीगमधून निवडलेला मुलगा साधारणपणे विशीचा होईपर्यंत एएचएलमध्ये खेळू शकत नाही. २०२६पासून लागू होणाऱ्या नव्या सामूहिक करारात प्रत्येक संघाला असा एक १९ वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये पाठवण्याची वाट ठेवली आहे. दुसऱ्या टोकाला वेव्हर्सचा नियम आहे. ठरावीक वर्षे किंवा सामने झाले की खेळाडूला खाली पाठवताना इतर सर्व संघांना त्याला उचलण्याची मुभा मिळते. अठराव्या वर्षी करार केलेल्या आघाडीपटू किंवा बचावपटूला पाच वर्षे किंवा १६० सामने इतकी सूट असते. शिलोव्सची सूट संपली होती आणि वर दोन गोलरक्षक पक्के होते, म्हणून काल्डर कपनंतर काही आठवड्यांतच तो पिट्सबर्गला दिला गेला. संघाला एकूण ५० करारांची मर्यादा आहे, त्यामुळे अशा जागा अडवून ठेवता येत नाहीत.

आमची विनंती छोटी आहे. होतकरू खेळाडूची बातमी देताना गुणांशेजारी जन्मतारीख, लीग, मागच्या मोसमाचे गुण आणि शक्य असेल तेव्हा पाच विरुद्ध पाचचे गुण छापावेत. चार रकाने पुरतील. जन्मतारखेचा आणखी एक उपयोग आहे. व्हँकुव्हरच्या ड्राफ्ट यादीत एलियास पेटरसन या नावाचे दोन खेळाडू आहेत. २०१७मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला आघाडीपटू आणि २०२२मध्ये ८०व्या क्रमांकावर निवडलेला बचावपटू, दोघेही स्वीडनचे. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर सहज चढतात. नावापुढे जन्मवर्ष द्यावे: पहिल्याचे १९९८, दुसऱ्याचे २००४.

आपले,
आइस हॉकीचे काही मराठी वाचक,
सरे, ब्रिटिश कोलंबिया